'पेटंटेड' स्टॅम्प, भोसरीचे बॉल आणि एक टॉवेल : आमच्या गोल्फ किटचा रिव्ह्यू

आमच्या कंपनीत दरवर्षी क्लायंट मंडळींसाठी गोल्फ डे असतो आणि ऑफिसात गोल्फ खेळणारी मी एकटीच (चांगलं खेळते असं कुठे म्हटलंय), म्हणून किटचं काम न मागता माझ्या गळ्यात पडतं. किट म्हणजे लोगो छापलेले बॉल, कंपनीचं नाव टाकलेल्या टी (ज्यावर बॉल ठेवून मारतात त्या खुंट्या), एक बॉल मार्कर (बॉल उचलताना त्याची जागा दाखवायला ठेवायची चकती), पिचमार्क म्हणजे बॉल आपटून जमिनीत पडलेला खड्डा दुरुस्त करायचा काटा आणि टॉवेल, हे सगळं एका पाऊचमध्ये. यावेळी बजेट जरा बरं मिळालं म्हणून बऱ्याच ठिकाणांहून सॅम्पल मागवली आणि ती नुसती टेबलावर ठेवून फोटो काढण्यापेक्षा येरवड्याच्या कोर्सवर नेऊन व्यवस्थित बडवून बघितली, बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून), ओल्या गवतातून, झाडाच्या बुंध्यावर आपटून पण (ते मुद्दाम नव्हतं, पण टेस्ट झालीच).

मुद्दा आधीच सांगून टाकते. ज्या वस्तूच्या बॉक्सवर सगळ्यात मोठ्या अक्षरात 'पेटंटेड' लिहिलं होतं तीच सगळ्यात फालतू निघाली, आणि जे टिकलं ते सगळं अशा पद्धतीने बनवलेलं की ज्यावरचं पेटंट कधीच संपून गेलंय आणि आता कोणीही वापरू शकतं. त्यामुळे तुम्ही पण गिफ्टिंगसाठी किंवा स्वतःसाठी असलं काही घ्यायच्या विचारात असाल तर बॉक्स वाचू नका, छपाई कशी केलीय ते विचारा.

तर आधी तो स्टॅम्प. ऑनलाइन मिळतो, अंगठ्याएवढा सेल्फ-इंकिंग स्टॅम्प, टोपण काढायचं, बॉलवर दाबायचं, झालं, तुमचं चित्र बॉलवर. कासव, स्मायली, वाघाचा पंजा असली डिझाइन तयार असतात आणि जास्त पैसे मोजले की तुमचा लोगो पण करून देतात. कल्पना वाईट नाहीये, कारण बॉलवर आपली स्वतःची खूण असणं खरंच कामाचं आहे. दोघांचे बॉल एकाच ब्रँडचे आणि एकाच नंबरचे निघाले, आणि कुठला कोणाचा हे सांगता आलं नाही, तर तो बॉल हरवला असंच धरतात आणि मागे जाऊन पेनल्टीसकट परत मारावा लागतो. म्हणून लोक मार्कर पेनने टिंबं काढतात, रेघ मारतात, इनिशियल लिहितात. त्याऐवजी शिक्का मारला तर दिसायला पण छान, असं मला वाटलं होतं.

पण शिक्का मारून भिंगातून बघा जरा. गोल्फ बॉलवर तीनशे ते चारशेच्या आसपास डिंपल म्हणजे बारीक खड्डे असतात, प्रत्येक डिंपल साधारण पाव मिलिमीटर खोल. स्टॅम्पचं रबर सपाट आणि थोडंसंच मऊ, त्यामुळे ते डिंपलच्या काठांवर टेकतं, आत खड्ड्यात उतरतच नाही. माझ्या कासवाच्या पाठीवर पांढरी गोल गोल भोकं पडली होती आणि एक पाय पूर्ण गायब. जोरात दाबलं तर शाई खड्ड्यात जाते खरी पण मग काठावरची पसरते आणि कासवाचा डाग होतो. बरं वाळायला 'काही सेकंद' लिहिलंय, पुण्यातल्या पावसाळी हवेत त्या सेकंदांची मिनिटं होतात, आणि वाळल्यावर सुद्धा सनस्क्रीन लावलेलं बोट लागलं की निळी रेघ ओढली जाते. दुसऱ्या होलपर्यंत कासव नव्हतंच, ग्लोव्ह मात्र निळा. दहापैकी दोन मार्क, ते पण टोपण घट्ट बसतं म्हणून.

आणि ह्याच्यावर म्हणे 'पेटंटेड टेक्नॉलॉजी'. नंबर कुठे? बॉक्सवर नाही, आतल्या कागदावर नाही, विकणाऱ्याला चॅटवर विचारलं तर त्याने मला डिस्काउंट कूपन पाठवलं. इथे जरा थांबून सांगते कारण गोल्फच्या सामानात हा शब्द मीठ-मसाल्यासारखा सगळीकडे टाकलेला असतो. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम १११ मध्ये सरळ म्हटलंय की वस्तूवर नुसतं 'पेटंट' किंवा 'पेटंटेड' लिहिलं, सोबत नंबर नाही, तर तेवढ्यावरून नक्कल करणाऱ्याला पेटंटची कल्पना होती असं धरायचं नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने सुद्धा नंबराशिवाय त्या शब्दाला फारशी किंमत नाही. आणि भारतात पेटंट नसताना, साधा अर्जही केलेला नसताना इथे पेटंट आहे असं खोटं सांगून माल विकला तर कलम १२० खाली दंड होतो. नंबर असेल तर पेटंट ऑफिसच्या इनपास नावाच्या साइटवर फुकटात शोधता येतो, परदेशातला असेल तर गुगल पेटंट्सवर.

नंबर सापडला तरी खूश व्हायच्या आधी तो कसला आहे ते बघायचं. अमेरिकन नंबराच्या पुढे डी असेल तर ते डिझाइन पेटंट, म्हणजे फक्त दिसणं राखीव आहे, वस्तू चालते कशी याच्याशी त्याचा काही संबंध नाही. चीनमध्ये युटिलिटी मॉडेल नावाचा प्रकार असतो, दहा वर्षांचा, त्यात नेहमीच्या पेटंटसारखी कसून तपासणी होत नाही, आणि बॉक्सवर मात्र तेही 'पेटंटेड' म्हणूनच येतं. भारतात तो प्रकारच नाही. आणि अगदी खरं, वीस वर्षांचं, तपासलेलं पेटंट असलं तरी त्याचा अर्थ एवढाच की ही युक्ती आधी कोणी केलेली नव्हती. ती चांगली आहे, टिकेल, तुमचा ग्लोव्ह निळा करणार नाही, असं पेटंट ऑफिस कधीच म्हणत नाही. त्यांचं ते कामच नाही.

गंमत अशी की जो पृष्ठभाग सगळ्या छपाईवाल्यांना रडवतो तो डिंपलवाला पृष्ठभागच मुळात पेटंट घेतलेला होता. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचे (झाडाच्या रबरासारख्या चिकाचे) बॉल आले, ते सुरुवातीला गुळगुळीत असायचे, आणि खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की नवीन बॉलपेक्षा ओरखडे पडलेला जुना बॉल सरळ आणि लांब जातो. मग लोक हातोडीने मुद्दाम खुणा पाडायला लागले, पुढे साच्यातच वर उठलेले फोड असलेले बॉल निघाले, आणि १९०५ मध्ये इंग्लंडातल्या लेस्टरच्या विल्यम टेलरने ते उलटं केलं, फोडांच्या जागी खड्डे, आणि त्याचं पेटंट घेतलं. खड्ड्यांमुळे हवा बॉलला जास्त वेळ चिकटून राहते, मागची ओढ कमी होते, आणि बॉल गुळगुळीत बॉलच्या साधारण दुप्पट लांब जातो. हे झालं खरं पेटंट, नुसतं बॉक्सवर लिहिण्यापुरतं नाही.

आता बॉलवरची छपाई, कारण किटमध्ये खरे पैसे तिथे जातात.

पहिलं सॅम्पल एका ऑनलाइन गिफ्टिंगवाल्याकडून, यूव्ही प्रिंटिंग. नाव टाकत नाहीये. टेबलावर ठेवल्यावर तो बॉल असला देखणा दिसत होता की मार्केटिंगच्या मुलीने लगेच स्टोरी टाकली. आमच्या लोगोत निळ्यातून हिरव्यात जाणारी शेड आहे, ती पण आली होती, फोटोसारखी. यूव्ही म्हणजे इंकजेटच, प्रिंटरच्या हेडमधून शाईचे बारीक थेंब उडतात आणि लगेच मागून येणाऱ्या एलईडीच्या अतिनील प्रकाशाने ती शाई जागच्या जागी कडक होते. वाळायची भानगड नाही, प्लेट बनवायची भानगड नाही, प्रत्येक बॉलवर वेगळं नाव टाकायचं तरी एक्स्ट्रा काही नाही. थेंब हवेतून जात असल्यामुळे डिंपलच्या आत सुद्धा रंग पोचतो, स्टॅम्पसारखी भोकं नाहीत. फक्त चित्र मोठं असेल तर बॉल कडेला खाली वळतो, थेंबाचं अंतर वाढतं आणि कडा धूसर होतात, त्यामुळे रुपयाच्या नाण्याएवढं किंवा त्याहून लहानच ठेवायचं.

मग मी तो ड्रायव्हरने, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबने (काठीने) मारला. क्लब आणि बॉलचा संबंध अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो, पण तेवढ्यात बॉल डोळ्याला दिसला असता तर घाबरायला होईल इतका चेपतो आणि परत गोल होतो. बॉलचं कव्हर लवचिक आहे, त्याच्यावर बसलेला शाईचा पापुद्रा मात्र कडक. तो कशाला चेपतोय. पहिल्या फटक्यात लोगोवर केसासारख्या चिरा, आणि सँड वेज (वाळूतून बॉल काढायचा क्लब) लागल्यावर तर हिरवा भाग सरळ पापुद्र्यासारखा सुटून आला, नखाने सोलता येत होता. मोठ्या ब्रँडच्या बॉलवर त्यांचं स्वतःचं नाव वर्षानुवर्षं का टिकतं याचं कारण पण इथेच आहे, बऱ्याच कंपन्या आधी छापतात आणि वरून पारदर्शक कोट मारतात, आणि आपण बाजारातून तयार बॉल आणून त्या गुळगुळीत कोटाच्या डोक्यावर छापतो. खाली प्रायमर (शाईला धरून ठेवणारा थर) नसेल तर शाईला धरायला काहीच नाही. त्या विक्रेत्याला विचारलं प्रायमर मारता का, तर उत्तर आलं 'आमचं प्रीमियम यूव्ही आहे मॅम'. बरं.

शोकेसमध्ये ठेवायला, होल इन वनची (एकाच फटक्यात बॉल होलमध्ये) आठवण म्हणून, कोणाच्या रिटायरमेंटला फोटोवाला बॉल द्यायला यूव्ही एक नंबर. खेळायच्या बॉलला नको.

दुसरं सॅम्पल भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमधून. हे लोक मुळात गाड्यांच्या डॅशबोर्डवरची बटणं छापतात, एसीचा पंखा, हॉर्नचं चिन्ह वगैरे, बॉल हा त्यांचा साइड बिझनेस. आमच्या प्रॉडक्शनच्या एका सरांची ओळख होती म्हणून आत शिरता आलं, नाहीतर किरकोळ ऑर्डर ते घेत नाहीत, त्यामुळे त्यांचंही नाव देत नाही, मला शिव्या बसतील. तिथल्या काकांनी लोगो बघितला आणि पहिलंच वाक्य, "मॅडम, याचे दोन कलर करून आणा, मग बोलू." मी म्हटलं काका, ब्रँड गाइडलाइन आहे, शेड लागते. "गाइडलाइन ऑफिसात ठेवा. बॉल म्हणजे काय व्हिजिटिंग कार्ड आहे का? त्याला लोक काठीने मारणार."

यांची पद्धत पॅड प्रिंटिंग. स्टीलची प्लेट असते, त्यात चित्र कोरलेलं, फार खोल नाही, वीस-पंचवीस मायक्रॉन. प्लेटवर शाई पसरते, पातं वरची शाई खरवडून घेतं, कोरलेल्या भागात तेवढी राहते. मग वरून सिलिकॉनचं पॅड येतं, दिसायला अगदी उकडीच्या मोदकासारखं, टोकदार डोकं आणि फुगीर पोट, ते प्लेटवर दाबलं जातं आणि शाई उचलतं. उचलल्यावर वर जाताना थिनर उडतो, शाईचा बाहेरचा भाग चिकट होतो, आणि ते पॅड बॉलवर दाबलं की टोकापासून बाहेरच्या बाजूला लोळत जातं, मधली हवा बाहेर ढकलत, प्रत्येक डिंपलच्या तळापर्यंत. सिलिकॉन स्वतः शाईला धरून ठेवत नाही, म्हणून सगळी शाई बॉलवर उतरते. मी अगदी जवळून बघितलं, मशीन फुस्स करून खाली आलं, पॅड चेपून जवळजवळ अर्धा बॉल झाकला आणि वर गेलं तेव्हा डिंपलच्या आत, काठावर, सगळीकडे सारखा निळा. स्टॅम्पवाल्याला जे जमलं नाही ते हेच, मऊपणा आणि आकार.

ही युक्ती आली घड्याळांवरून. स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाच्या डायलवर बारीक आकडे छापायला जिलेटिनचं पॅड वापरायचे, हाताने. जिलेटिन लवकर खराब व्हायचं, हवेतल्या दमटपणाने बिघडायचं, आणि सिलिकॉन रबर आल्यावर साठ-सत्तरच्या दशकात जर्मनीत त्याची इंडस्ट्रीत चालतील अशी मशीन निघाली. तेव्हापासून पेन, सिरिंज, खेळणी, कीबोर्ड, गोल्फ बॉल, जे जे सपाट नाही ते सगळं यावर छापलं जातं.

दुसरा रंग टाकताना मात्र सगळी कसरत. बॉल एका वाटीसारख्या जिगमध्ये बसवलेला असतो, पहिला रंग झाल्यावर तो जरा जरी फिरला तरी दुसरा रंग बाजूला पडतो आणि लोगोला सावली येते. आमच्या लॉटमध्ये पण थोडे बॉल तसे निघाले, काकांनी स्वतःच बाजूला काढले आणि बिलात धरले नाहीत, हे मला आवडलं. शाईत हार्डनर घातलेलं असतं, एकदा मिसळलं की त्याच शिफ्टमध्ये संपवावी लागते आणि छापल्यावर पूर्ण पक्की व्हायला काही दिवस जातात. हाताला वाळलेली लागते पण आतून कच्ची असते, लगेच पाऊचमध्ये एकमेकांवर घासले तर बॉलला बॉलचा रंग लागतो.

कोर्सवर काय झालं? ड्रायव्हरला काहीच नाही. आयर्नला (हा पण क्लबचाच प्रकार) काहीच नाही. बंकरमधून सँड वेजने मारल्यावर लोगोच्या एका कडेला ओरखडा, पण तो ओरखडा कव्हरला पण होता, म्हणजे शाई बॉलसोबतच गेली, आधी नाही. चार वेळा पाण्यातून वर काढलेल्या बॉलवर सुद्धा नाव वाचता येत होतं. आमच्या कॅडीदादांनी (कोर्सवर बॅग सांभाळणाऱ्यांनी) यूव्हीवाला आणि हा, दोन्ही हातात घेऊन बघितले आणि म्हणाले, "मॅडम, तो सोललेला ठेवू नका बॅगेत, हा द्या सगळ्यांना." त्यांना कुठे माहीत होतं की सोललेला महाग पडला होता. भोसरीच्या बॉलला नऊ मार्क, एक कापला शेड गेली म्हणून, मार्केटिंगवाले अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

बॉलवरच्या छापाची अजून एक गोष्ट, जी किटमध्ये घेतली नाही पण स्वतःसाठी घेतली. कॅलवेचे तीन रेघांचे बॉल येतात, ट्रिपल ट्रॅक, मधली लाल आणि दोन्हीकडे निळ्या. पटिंग करताना (होलजवळ बॉल हळू ढकलताना) रेघ होलच्या दिशेने लावायची. ह्यामागे डोळ्याचं व्हर्नियर अॅक्युइटी नावाचं गणित आहे, दोन रेघा एका ओळीत आहेत की किंचित सरकल्यात हे आपला डोळा आश्चर्य वाटेल इतकं बारीक ओळखतो, आणि विमानवाहू जहाजावर विमान उतरवताना पण हेच वापरतात असं कंपनी सांगते. खरं सांगायचं तर माझे पट त्याने आत जायला लागले नाहीत, पण चुकला तर मी चुकीचा नेम धरला होता की चुकीचा मारला हे तरी कळतं, तेवढं पुरे. प्लास्टिकचा क्लिपवाला स्टेन्सिल आणि मार्कर पेन घेऊन ही रेघ घरी पण काढता येते, त्या मानाने स्टेन्सिल खूपच स्वस्त आहे आणि तो बॉक्सवर काही दावे करत नाही.

टीबद्दल मी खरं तर दोन ओळी लिहिणार होते. पण टीची गोष्ट इतकी भारी आहे की राहवत नाही.

आधी टीच नव्हती. प्रत्येक होलला ओल्या वाळूचा डबा असायचा, चिमूटभर वाळू घेऊन ढीग करायचा, त्यावर बॉल ठेवायचा, हात चिखलाचे. १८८९ मध्ये स्कॉटलंडच्या ब्लॉक्सम आणि डग्लस या दोघांनी पहिलं पेटंट घेतलं, पण ती टी जमिनीत घुसत नव्हती, नुसती वर ठेवायची रबराची पट्टी. मग १८९९ च्या डिसेंबरमध्ये बॉस्टनच्या जॉर्ज फ्रँकलिन ग्रँटने अमेरिकेत पेटंट घेतलं, नंबर ६३८९२०, लाकडाची खुंटी आणि वर रबराची नळी. हा माणूस डेंटिस्ट, हार्वर्डच्या डेंटल स्कूलमधून १८७० मध्ये पास झालेला आणि तिथे पुढे शिकवणारा, हार्वर्डच्या फॅकल्टीतला पहिला आफ्रिकन अमेरिकन. त्याने टी कधी विकलीच नाही, करून घ्यायचा आणि मित्रांना वाटून टाकायचा. अमेरिकन गोल्फ असोसिएशनने त्याला मान दिला थेट १९९१ मध्ये. पैसे केले ते वीस वर्षांनी आलेल्या न्यू जर्सीच्या विल्यम लॉवेलने, आणि तोसुद्धा डेंटिस्टच, काय दातांचा आणि गोल्फचा संबंध आहे देव जाणे. त्याची 'रेडी टी' लाल रंगाची, साध्या लाकडाची, वरून पसरट वाटी, म्हणजे आज आपण वापरतो तशीच जवळजवळ. १९२२ मध्ये त्या काळचा नावाजलेला गोल्फपटू वॉल्टर हेगन याला पैसे देऊन त्याच्या प्रदर्शनी सामन्यांत ती वापरायला लावली, हेगन ती जमिनीत तशीच सोडून पुढे जायचा आणि पोरं उचलायला धावायची. खप वाढला, आणि मग नकला इतक्या निघाल्या की कमावलेलं बरंचसं कोर्टकचेऱ्यांत गेलं.

आमच्या किटमध्ये बांबूच्या टी घेतल्या, खुंटीवर एका रंगात कंपनीचं नाव, ते पण पॅडनेच छापलेलं. बांबू शाई पितो त्यामुळे छाप टिकतो, फक्त बारीक अक्षरं पसरतात, म्हणून ठळक फाँट घ्या. प्लास्टिकच्या टी पण बघितल्या होत्या, त्यातल्या पॉलिप्रॉपिलीनच्या टीवरचं नाव नखाने निघालं, त्या प्लास्टिकला ज्वाळेची ट्रीटमेंट किंवा प्रायमर दिल्याशिवाय शाई धरतच नाही आणि दोन रुपयाच्या टीला ते कोण करणार. वर ब्रशचे केस असलेली टी पण आली होती, घर्षण कमी, अंतर जास्त, असं म्हणत. तुटत नाही हे खरं. अंतर? माझ्या ड्राइव्हमध्ये आज आणि उद्यात जितका फरक असतो त्यात ते अंतर शोधायचं कसं, हे कोणीतरी सांगा मला. ग्रँटची रबरी नळी आणि हे ब्रशचे केस यात फार लांबचं नातं नाहीये, म्हणजे सव्वाशे वर्षं लोक त्याच वाटीच्या जागी मऊ काहीतरी बसवतायत आणि शेवटी सगळे साध्या लाकडाच्या टीवरच परत येतात. कितीही भारी टी घ्या, चार इंचाच्या वर चालत नाही नियमात, हे मात्र लक्षात असू द्या.

मार्कर आणि काटा पटकन सांगते. अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमचा, लेझरने लोगो काढलेला घ्या. लेझर वरचा रंगीत थर उडवतो, खालची पांढरी धातू दिसते, शाई नाहीच त्यामुळे निघायचा प्रश्न नाही. स्टिकरवर पारदर्शक थेंब ओतलेला डोमिंगवाला मार्कर दिसायला गोड, पण गाडीच्या डॅशबोर्डवर एप्रिलमध्ये ठेवलात तर पिवळा पडून कड सुटते. काट्याची दोन टोकं बारीक हवीत, जाड असली तर पिचमार्क भरण्याऐवजी नवीन खड्डा होतो.

टॉवेल. पूर्ण किटमध्ये सगळ्यात जास्त कौतुक याचं झालं आणि याला कोणी 'पेटंटेड' म्हटलं नव्हतं. सब्लिमेशन प्रिंटिंग, म्हणजे आधी कागदावर खास डाय छापायचे, कागद कापडावर ठेवून साधारण १९०-२०० डिग्रीला हीट प्रेसमध्ये मिनिटभर दाबायचा, डाय घन अवस्थेतून सरळ वाफ होतो आणि पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरतो. वर थर बसत नाही, धागाच रंगतो. फ्रान्सच्या नोएल द प्लास याने १९५७ मध्ये हे शोधून काढलं, एका कापड कंपनीत काम करताना, आणि आज तुमच्या आयपीएलच्या जर्सीपासून मगपर्यंत सगळीकडे तेच चालतं. आमची ती शेड, जी बॉलवर येणार नाही म्हणून एवढं रामायण झालं, ती टॉवेलवर काडीमात्र न हलता आली. धुतला, वाळत घातला, परत धुतला, हात लावला तर प्रिंट आहे हे कळत पण नाही. मार्केटिंगवाल्यांना हा टॉवेल दाखवूनच थोडं शांत केलं.

यात पकड एकच, कापड पॉलिएस्टर हवं आणि पांढरं किंवा फिकं हवं. विकणारा 'मायक्रोफायबर' म्हणतो तेव्हा त्यात पॉलिएस्टर किती आणि पॉलिअमाइड किती हे विचारून घ्या, आणि कॉटनच्या टॉवेलवर सब्लिमेशन करून देतो म्हणाला तर तिथून सरळ निघा, दोन धुण्यात भुताचा लोगो राहतो. कॉटनच हवं असेल तर एम्ब्रॉयडरी करा. टॉवेलला दहापैकी साडेनऊ, अर्धा कापला कारण मध्ये कॅराबिनर (बॅगेला अडकवायची कडी) लावायला पाडलेल्या भोकाची शिवण उसवली.

नाशिकच्या एका क्लायंटने किट बघून विचारलं की आमच्या गोल्फ क्लबला वापरता येईल का. त्यांच्या 'गोल्फ क्लब' नावाच्या मैदानावर रणजीचे सामने होतात, गोल्फ नाही, म्हणून मी हसले, पण टॉवेल तिथेही चालेल, घाम सगळ्यांना सारखाच येतो.

ऑर्डर द्यायची असेल त्यांच्यासाठी एवढंच. बॉल घेताना कव्हर कसलं आहे ते छापणाऱ्याला आधी सांगा, सर्लिनसारख्या आयोनोमरचं आणि युरेथेनचं (कव्हरच्या प्लास्टिकचे हे दोन प्रकार) यांना शाई वेगळी लागू शकते, आणि सांगण्यापेक्षा सरळ त्याच लॉटमधले दोन-तीन बॉल देऊन ट्रायल छापून घ्या, मग ते घेऊन बंकरमध्ये जा. पॅडला प्लेटचा खर्च एकदाच असतो त्यामुळे दोन डझनांना महाग वाटतं आणि वीस डझनांना स्वस्त, आणि पुढच्या वर्षी तोच लोगो असेल तर प्लेट तुमच्याकडे मागून घ्या, ती तुमच्याच पैशांनी बनलेली असते, काही जण न मागता देत नाहीत. आणि शाई पक्की व्हायचे दिवस धरून तारीख सांगा. सप्टेंबरनंतर जाऊ नका, दिवाळी गिफ्टिंगचा सीझन लागला की भोसरी काय आणि चाकण काय, कोणी फोन उचलत नाही.